गुन्हेगार सापडल्यानंतर

रहस्यकथा मराठी घरात बहुधा मागच्या दाराने आली. दर्शनी कपाटात बायबल, संतचरित्रे आणि मुलांची क्रमिक पुस्तके मांडलेली असत. झुंजार, काळापहाड किंवा कॅप्टन दीप यांची जागा मात्र उशीखाली, नाहीतर जेवणाच्या डब्याच्या पिशवीत. वडीलधारी माणसे ही पुस्तके वाचल्याबद्दल मुलांना रागावत, आणि मुले शाळेत गेली की तीच पुस्तके स्वतः उघडून बसत. समीक्षकांनीही या लेखनाला क्वचितच जवळ केले. तरीही असंख्य मराठी माणसांना वाचनाची पहिली गोडी याच पुस्तकांनी लावली, हे कोणत्याही जुन्या वाचनालयाच्या चालकाला विचारले तर तो सांगेल.

गेल्या काही महिन्यांत अशा मालिका-कादंबऱ्या ओळीने वाचण्याचा योग आला. ठाकुर्ली हे डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधले, धिम्या लोकलचे स्थानक. येथील किती तरी मिळवती माणसे रोज मुंबईची वाट धरतात. खिशात मावणारी रहस्यकथा जाता-येता संपवावी आणि संध्याकाळी वाचनालयात बदलून घ्यावी, हा एका पिढीचा परिपाठच होता. डोंबिवलीत १९८६ साली सुरू झालेल्या पै फ्रेंड्स लायब्ररीसारख्या वाचनालयांनी ही सवय बरीच वर्षे जोपासली. आज प्रवाशांच्या हाती पुस्तकाऐवजी मोबाइल दिसतो. परंतु त्याच्या पडद्यावरही पुष्कळदा गुन्ह्याचीच मालिका चालू असते. माध्यम बदलले तरी ओढ तीच आहे. तेव्हा आपल्या घराघरांत इतक्या आवडीने जे वाचले आणि पाहिले जाते, त्याचा गंभीरपणे विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

या विचारासाठी एकच प्रश्न हाती घेतो. रहस्यकथेचे मूल्यमापन करताना आपण सामान्यतः एवढेच विचारतो की, गुन्हेगार कोण हे लेखकाने शेवटपर्यंत लपवून ठेवले काय? हा कारागिरीचा प्रश्न झाला आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो : गुन्हेगार सापडल्यानंतर लेखक त्याचे काय करतो? मुखवटा गळून पडल्यावर त्याला तेथे माणूस दिसतो, की नुसता उलगडलेल्या कोड्याचा उरलेला तुकडा? माझ्या मते रहस्यकथेची खरी कसोटी तिच्या शेवटच्या दहा पानांत लागते.

या कथाप्रकाराचे मूळ कोणी एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाच्या १८४१ सालच्या कथेत शोधतात. कॅथॉलिक वाचकाला मात्र त्याही फार मागे जाता येईल. आपल्या बायबलमधील दानिएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय आठवावा. सुसान्नेवर दोन प्रतिष्ठित वडीलजन व्यभिचाराचा खोटा आरोप करतात. तरुण दानिएल त्या दोघांना वेगवेगळे करतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, तुम्ही त्यांना कोणत्या झाडाखाली पाहिलेत? दोघे दोन निरनिराळ्या झाडांची नावे सांगतात आणि कुभांड उघडे पडते. चौदाव्या अध्यायात बेल या दैवताचे पुजारी नैवेद्य देवच खातो असे भासवत असतात. दानिएल राजासमक्ष मंदिराच्या जमिनीवर राख पसरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या राखेत पुरुषांची, स्त्रियांची आणि मुलांची पावले उमटलेली दिसतात. साक्षीदारांची स्वतंत्र तपासणी आणि पाऊलखुणांचा पुरावा, ही अन्वेषणाची दोन्ही साधने तेथे आहेत. डोरोथी सेयर्स या रहस्यकथालेखिकेने १९२८ साली सिद्ध केलेल्या संग्रहात या दोन्ही कथांना मानाचे स्थान दिले, ते उगाच नव्हे.

या दोन्ही कथांचा शेवट अपराध्यांच्या मृत्युदंडाने होतो. सत्य उघड झाले, निरपराध सुटला, अपराधी मेला आणि कथा संपली. पुढे रहस्यकथेने स्वीकारलेला साचा हाच.

साचा म्हटला की नियम आलेच, आणि हे नियम एका धर्मगुरूने घालून द्यावेत ही मोठी गमतीची गोष्ट आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील कॅथॉलिक विद्यार्थ्यांचे धर्मगुरू आणि पुढे बायबलचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून कीर्ती मिळवणारे फादर रोनाल्ड नॉक्स स्वतः रहस्यकथा लिहीत. १९२९ साली त्यांनी या प्रकारासाठी दहा आज्ञा सांगितल्या. गुन्हेगार कथेच्या आरंभीच वाचकाच्या नजरेस पडला पाहिजे. भूतपिशाच्चांची मदत घेऊ नये. गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा अधिक नसावे. अन्वेषकाने योगायोगाच्या बळावर उकल करू नये आणि हाती आलेला दुवा वाचकापासून लपवू नये. यामागचे तत्त्व साधे आहे. वाचकाशी लबाडी करू नये, हे ते तत्त्व होय.

या आज्ञांची पट्टी घेऊन बाबूराव अर्नाळकरांकडे गेलो तर मोठी पंचाईत होते. गुप्त वाटा, वेषांतरे आणि ऐनवेळी मदतीला धावून येणारे योगायोग यांची त्यांच्याकडे रेलचेल आहे. पण बाबूरावांना या पट्टीने मोजणे म्हणजे कीर्तनकाराला न्यायालयातील साक्षीचे नियम लावण्यासारखे आहे. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. १९९६ साली त्यांचे निधन झाले तोवर त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा जमा होत्या आणि गिनेसच्या विक्रमग्रंथानेही त्यांची दखल घेतली होती. अलीकडच्या वर्षांत त्यांची निवडक पुस्तके पुन्हा छापली गेली, ती वाचताना त्यांच्या यशाचे मर्म ध्यानी येते. वाक्ये छोटी, संवाद चटपटीत, प्रकरणाच्या शेवटी श्वास रोखणारा प्रसंग. नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या गिरणी कामगारालाही अडखळायला होऊ नये इतकी ती भाषा सरळ आहे. शिवाय त्यांच्या कथांत सज्जनाचा छळ करणाऱ्या धनदांडग्याला अद्दल घडतेच घडते. गरीब वाचकाला हा दिलासा किती मोलाचा वाटत असेल, याची कल्पना भरल्या पोटी पुस्तके वाचणाऱ्यांना येणार नाही.

तथापि आपला प्रश्न विचारला की बाबूरावांची मर्यादाही उघड होते. त्यांचा खलपुरुष पहिल्या पानापासून खलपुरुषच असतो. तो कोणाचा मुलगा, कोणाचा बाप, तो असा कशाने झाला, याचा विचार करण्यास कथेला उसंत नाही. तो पकडला जातो किंवा मरतो, आणि पुढच्या पुस्तकात त्याच्या जागी दुसरा येतो. नायक मात्र तोच राहतो, कारण मालिकेचा नायक बदलला तर वाचक हिरमुसेल. नायक बदलत नाही आणि खलपुरुषाला बदलण्याची संधी मिळत नाही. अशा जगात पश्चात्तापाला वावच उरत नाही.

बाबूरावांनंतर हा वारसा गोव्याच्या गुरुनाथ नाईकांकडे आला. त्यांनीही हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. २०२१ साली ते निवर्तले. त्यांच्या कॅप्टन दीपच्या लष्करी बाण्याने एका पिढीला वेड लावले. येथे वेग आहे, देशप्रेम आहे आणि शत्रू स्पष्ट आहे. म्हणूनच शत्रूविषयी विचार करण्याची गरज वाटत नाही. पुण्याचे सुहास शिरवळकर (निधन २००३) हे या परंपरेतले अधिक सावध लेखक. दारा बुलंदचा आवेश, फिरोज इराणीची ऐट आणि बॅरिस्टर अमर विश्वासचा युक्तिवाद अशा निरनिराळ्या प्रकृतीचे नायक त्यांनी उभे केले. यांतील अमर विश्वास मला विशेष महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी वाचकांना तो पेरी मेसनची आठवण करून देईल. त्याच्या निमित्ताने कथा न्यायालयात शिरते आणि आरोपी व अपराधी हे दोन वेगळे शब्द आहेत, याची वाचकाला जाणीव होते. मराठी लोकप्रिय रहस्यकथेने टाकलेले हे मोठे पाऊल म्हटले पाहिजे. ज्या लेखणीतून पुढे ‘दुनियादारी’सारखी कादंबरी उतरली, तिला माणसाच्या मनाचे कुतूहल होते, हे या मालिकांतही अधूनमधून जाणवते.

अनुवादाच्या वाटेने मराठीत आलेले अन्वेषक निराळ्या घडणीचे आहेत. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स आणला. नटवर्य मधुकर तोरडमल यांनी अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्या मराठी केल्या. अशोक जैन यांनी सत्यजित राय यांचा फेलूदा आपल्या मुलांच्या हाती दिला. हे नायक मुठीपेक्षा मेंदू अधिक वापरतात. फेलूदाच्या कथांत रक्तपात बेताचाच असतो. तेथील गुन्ह्याच्या मुळाशी बहुधा लोभ असतो. एखादी जुनी मूर्ती, हस्तलिखित किंवा रत्न यांच्या हव्यासापायी एरवी सभ्य दिसणारा गृहस्थ घसरतो. मुलांना लोभाचे दर्शन घडवण्याचा याहून चांगला मार्ग प्रवचनातही सापडणे कठीण आहे. दुसरा बंगाली अन्वेषक म्हणजे शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी, ज्याची १९९३ सालची दूरदर्शन मालिका आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याला डिटेक्टिव्ह ही उपाधी रुचत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. त्या एका शब्दाने गुप्तहेराचा धंदा एकदम साधनेच्या जवळ जातो.

पण सत्याचा शोध लागला म्हणजे सर्व झाले काय? या ठिकाणी डब्ल्यू. एच. ऑडन या इंग्रज कवीने १९४८ साली लिहिलेल्या एका निबंधाचे स्मरण होते. स्वतः रहस्यकथांचे व्यसन असलेल्या ऑडनने असे मांडले की, या कथांच्या वाचकाच्या मनात स्वतःच्या पापाची अस्पष्ट टोचणी असते. कथेत सर्वांवर संशय येतो. अखेर दोष एकाच्याच माथी जातो, तो बाहेर काढला जातो आणि उरलेले सारे एदेन बागेतल्यासारखे पुन्हा निष्पाप होतात. वाचकही त्या उरलेल्यांतच असतो. ऑडनचे हे निदान मला पटते आणि काहीसे अस्वस्थही करते. पुस्तक मिटताना जे समाधान वाटते ते न्याय झाल्याचे, की अपराधी आपण नव्हतो याचे?

बायबलमध्येच याला उत्तर देणारी दुसरी एक कथा आहे. दावीद राजाने उरियाला कपटाने मारवले आणि त्याच्या पत्नीला घरी आणले. नाथान संदेष्टा त्याच्याकडे येतो आणि आरोप न करता एक गोष्ट सांगू लागतो. एका श्रीमंताने एका गरिबाची एकुलती एक, लाडाने वाढवलेली मेंढी बळकावली. दावीद संतापतो आणि त्या श्रीमंताला शिक्षा फर्मावून मोकळा होतो. मग नाथान त्याला सांगतो की तो श्रीमंत दुसरातिसरा कोणी नसून राजा स्वतःच आहे. न्यायाधीशाच्या आसनावर बसून कथा ऐकणारा श्रोता एका क्षणात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. दानिएलच्या कथेत सत्य बाहेर शोधले जाते, नाथानच्या कथेत ते आतून उगवते. आणि दावीदाच्या पश्चात्तापाची वाट तेथूनच सुरू होते.

नाथानच्या या परंपरेत बसणारा एकच मालिका-नायक मला ठाऊक आहे. तो म्हणजे जी. के. चेस्टरटन यांचा फादर ब्राउन. बुटका, गोल चेहऱ्याचा, हातातली छत्री सारखी खाली पाडणारा हा धर्मगुरू १९१० साली कथेत अवतरला आणि १९११ ते १९३५ या काळात त्याच्या कथांचे पाच संग्रह निघाले. या पात्रामागे फादर जॉन ओकॉनर हे खरेखुरे धर्मगुरू होते. चेस्टरटन यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे की, या साध्यासुध्या धर्मगुरूला माणसांच्या दुष्टपणाची आपल्याहून कितीतरी खोल माहिती आहे, हे पाहून ते चकित झाले. थोड्याच वेळाने विद्यापीठातले दोन तरुण धर्मगुरूंच्या भोळेपणाची कीव करू लागले, तेव्हा त्यांना हसू आवरेना. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी जो वर्षानुवर्षे माणसांची पापे ऐकतो तो जगाविषयी अजाण राहील कसा? या विरोधाभासातून फादर ब्राउनचा जन्म झाला. १९२२ साली चेस्टरटन कॅथॉलिक ख्रिस्तसभेत आले, तेव्हा फादर ओकॉनर त्यांच्यासोबत होते.

१९२७ सालच्या संग्रहात फादर ब्राउनला त्याच्या यशाचे गुपित विचारले जाते. त्याचे उत्तर थोडक्यात असे, की प्रत्येक खून मनातल्या मनात मीच केला होता. गुन्हेगाराला काचेखालच्या किड्याप्रमाणे दुरून न्याहाळण्यास तो तयार नाही. तो त्याच्या अंतःकरणात शिरतो, त्याच्या डोळ्यांनी पाहतो आणि हे कृत्य आपल्याही हातून घडू शकले असते, या जाणिवेपर्यंत पोहोचतो. तेथे पोहोचल्यावर उकल आपोआप होते. कॅथॉलिक वाचकाला ही पद्धत अनोळखी वाटू नये. रात्री झोपण्यापूर्वी आपण जे आत्मपरीक्षण करतो, तेच येथे अन्वेषणाचे साधन झाले आहे.

म्हणूनच त्याच्या कथांची अखेरची पाने वेगळी असतात. फ्लांबो हा युरोपभर गाजलेला चोर एका नाताळच्या रात्री हिरे घेऊन बागेतल्या झाडावर चढलेला असतो. खाली उभे राहून फादर ब्राउन त्याच्याशी बोलू लागतो. तो पोलिसांना हाक मारीत नाही. चोरीच्या वाटेवर माणूस कसा पायरीपायरीने खाली जातो, त्याचे सोबती कसे कुजत गेले, हे तो त्याला सांगतो. हिरे झाडावरून खाली पडतात. पुढच्या कथांत हाच फ्लांबो प्रामाणिक गुप्तहेर आणि फादर ब्राउनचा मित्र म्हणून भेटतो. म्हणजे या मालिकेत खलपुरुष बदलू शकतो! दुसऱ्या एका कथेत उंच मनोऱ्याच्या कठड्यावरून जीव देऊ पाहणाऱ्या खुन्याला तो मागे खेचतो आणि त्याचा निर्णय त्याच्याच विवेकावर सोपवतो. तो खुनी कोण, हे सांगून वाचकांचा आनंद हिरावून घेणार नाही. तो स्वतःच्या पायांनी न्यायाकडे चालत जातो, एवढेच सांगतो.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. अपराध्याच्या आत्म्याची एवढी चिंता केली, तर ज्याचा घात झाला त्याचे काय? दया ही बळी पडलेल्यावर दुसरा अन्याय तर नव्हे? या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, फादर ब्राउनची दया फुकट मिळत नाही. हिरे परत द्यावेच लागतात. संशयाखाली आलेला निरपराध माणूस सुटावाच लागतो. परतफेडीवाचून पश्चात्ताप पुरा होत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण तेथे पाळली जाते. दुसरे असे की, बळी पडलेल्याला विसरण्याचा दोष उलट साचेबंद रहस्यकथेकडेच अधिक जातो. पहिल्या प्रकरणातील प्रेत हे तिच्या लेखी केवळ कोड्याचा आरंभ असते. त्या माणसासाठी रडणारे कोणी दिसत नाही. काइनाला मात्र परमेश्वर सर्वप्रथम त्याच्या भावाविषयीच विचारतो. हाबेलाचे रक्त जमिनीतून आक्रोश करते, हे तो ऐकवतो, शिक्षाही देतो. आणि तरी काइनाला कोणी ठार मारू नये म्हणून त्याच्यावर खूण करतो. मृताचे स्मरण, अपराधाला शिक्षा आणि अपराध्याचे रक्षण या तिन्ही गोष्टी त्या एका अध्यायात एकत्र नांदतात. यांपैकी किमान दोन साधणारी रहस्यकथा मी उत्तम मानतो.

हे सर्व केवळ पुस्तकांपुरते असते तर एवढा प्रपंच केला नसता. परंतु आपण जे वाचतो त्याने आपली नजर घडते. रहस्यकथेत शेवटच्या पानावर ज्याच्या हातात बेड्या पडतात तो निश्चित अपराधी असतो. प्रत्यक्षात तसे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या तुरुंगविषयक आकडेवारीनुसार आपल्या देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन हे कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा खटला अजून निकाली निघालेला नव्हता. ठाकुर्लीपासून आधारवाडीचे कारागृह दूर नाही. त्याच्या भिंतीआड असलेल्यांपैकी कोण अपराधी आणि कोण निरपराध, हे आपल्याला ठाऊक नसते. पण वर्तमानपत्रात कोणाच्या अटकेची बातमी आली की आपण शेवटचे पान वाचून पुस्तक मिटावे तसे त्या माणसाला मिटून टाकतो. मग त्याच्या आईला मिस्सेला येण्याची लाज वाटू लागते, बहिणीचे ठरत आलेले लग्न मोडते, धाकट्या भावाशी कोणी खेळत नाही. अशी घरे कोणत्याही धर्मग्रामात असू शकतात. तुरुंगात असलेल्याची भेट घेणे ही आपली भेट घेणे आहे, असे प्रभू येशूने सांगितले. तेथे त्याने निरपराध कैदी आणि अपराधी कैदी असा भेद केलेला नाही.

पालकांना माझे सांगणे एवढेच, की मुलांच्या हातून रहस्यकथा हिसकावून घेऊ नका. बाबूराव अर्नाळकर वाचून कोणी बिघडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वाचायला शिकलेले मात्र पुष्कळ पाहिले. लहानांना फेलूदा द्यावा, कुमारांना होम्स आणि अमर विश्वास द्यावेत, आणि ज्यांना इंग्रजी वाचता येते त्या तरुणांना फादर ब्राउन अवश्य द्यावा. मोबाइलवरील मालिका घरातल्यांनी शक्यतो एकत्र पाहावी. रात्री जेवताना मुलांना गुन्हेगार कोण निघाला हे जरूर विचारावे, कारण तो आनंद त्यांचा हक्काचा आहे. त्यानंतर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. जो मेला त्याच्यासाठी त्या कथेत कोणी रडले का? आणि जो पकडला गेला त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कोण गेले असेल?